बुलेटची धडधड ठेवायची, कर्कशपणा काढायचा

इस्लामपूरहून एका तरुणाने विचारलं आहे: २०१४ ची कार्ब्युरेटरची रॉयल एनफील्ड क्लासिक ३५० सेकंडहँड घेतली. आधीच्या मालकाने कंपनीचा सायलेन्सर काढून सरळ नळीचा बसवला होता. वडिलांची नुकतीच बायपास झाली आहे, गाडी गल्लीत शिरली की ते दचकतात. जवळच्या मेकॅनिकने सायलेन्सरच्या तोंडात भांडी घासायची स्टीलची घासणी कोंबून दिली. आवाज थोडा दबला, पण गाडी ओढेना, बेंड पाइप (इंजिनातून सायलेन्सरकडे जाणारा वाकडा पाइप) निळा पडला आणि आठ दिवसांत घासणी उडूनही गेली. आवाज कमी करायचा आहे, पण बुलेटची धडधड जायला नको. असं होतं का?

होतं, आणि चांगलं होतं. कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात सव्वीस वर्षं मी सायलेन्सरचंच काम करतोय. आवाज वाढवून द्या म्हणत आलेली कितीतरी पोरं दोन-तीन वर्षांनी आवाज कमी करून द्या म्हणत परत आली आहेत. मधल्या काळात घरात तान्हं बाळ आलेलं असतं, नाहीतर तुमच्यासारखं वडिलांचं दुखणं. त्यामुळे या प्रश्नाचं उत्तर मला सविस्तर द्यायचं आहे.

आधी घासणी आणि निळा पाइप. घासणीची तार बारीक असते, ती तापून ठिसूळ होते, तुकडे पडतात आणि मागून येणाऱ्याच्या अंगावर जातात. पुन्हा तसलं काही कोंबू नका. तोंड आवळलं की जळलेला वायू पूर्ण बाहेर पडत नाही, पुढच्या ठोक्याला ताजं मिश्रण कमी भरतं, गाडी ओढत नाही. पण पाइप निळा पडायचं खापर एकट्या घासणीवर फोडू नका. सरळ नळी बसवताना आधीच्या मालकाने कार्ब्युरेटरचा जेट, म्हणजे पेट्रोल सोडणारं बारीक भोक, तोच ठेवला असेल, तर पेट्रोल कमी आणि हवा जास्त अशी गाडी आधीपासूनच तापत होती. प्लग काढून बघा. टोक बिस्किटाच्या रंगाचं असेल तर ठीक, पांढरं पडलं असेल तर मिश्रण सुकं आहे, कोरडी काजळी असेल तर पेट्रोल जास्त जातंय. हे पाच मिनिटांचं काम आहे आणि पुढचं सगळं त्यावर अवलंबून आहे, म्हणून सायलेन्सरला हात लावण्याआधी प्लग.

आता मुद्द्याचं. बुलेटच्या आवाजात दोन आवाज मिसळलेले असतात आणि दोन्हींवर औषध वेगळं आहे. एका सिलिंडरचं चार स्ट्रोकचं इंजिन दोन फेऱ्यांत एकदा पेटतं. हजार आरपीएमला, म्हणजे मिनिटाला हजार फेऱ्यांना, सेकंदाला साधारण आठ ठोके, तीन हजारला पंचवीस. गाडी उभी असताना आपण जी धडधड म्हणतो ते हे सुटे ठोके, आणि त्यांचा भरदारपणा येतो ५० ते २०० हर्ट्झच्या, म्हणजे सेकंदाला तेवढ्या कंपनांच्या, जाड आवाजातून. दुसरा आवाज आहे तो फाटका, तडतडणारा, कानात घुसणारा. तो हजार हर्ट्झच्या वरचा. माणसाचा कान दोन ते पाच हजार हर्ट्झच्या आसपास सगळ्यात तीक्ष्ण असतो. वडील दचकतात ते बहुतेक याच आवाजाने. कंपनीचा सायलेन्सर हा वरचा आवाज खातो आणि खालचा सोडतो. सरळ नळी दोन्ही सोडते.

पोलिसांचं यंत्रही कानासारखंच ऐकायला बनवलेलं असतं. डेसिबलच्या पुढे कंसात ‘ए’ लिहितात, त्याचा अर्थ यंत्र जाड आवाज कमी मोजतं: १०० हर्ट्झचा सुमारे १९ डेसिबल वजा करून, ५० हर्ट्झचा ३० वजा करून. म्हणून वरचा कर्कशपणा काढला की मीटर झपाट्याने खाली येतो आणि धडधड जवळजवळ तशीच राहते. माझ्या सगळ्या कामाचा पाया हाच आहे.

यातली एक मेख मात्र आधीच सांगतो. जाड आवाज भिंतीतून, बंद खिडकीतून आत शिरतो. रस्त्यावरच्या माणसाला गोड वाटणारी धडधड आत झोपलेल्या आजारी माणसाच्या खाटेपर्यंत पोचते, तावदान थरथरवते. तेव्हा तुमच्या घरासाठी नुसता कर्कशपणा काढून भागणार नाही, धडधडही थोडी उतरवावी लागेल.

कायद्याचं स्पष्ट बोलतो. २०१४ च्या गाडीला, म्हणजे १७५ सीसीच्या वरच्या दुचाकीला, ठरलेली मर्यादा ८० डेसिबल आहे. ती कारखान्यातून बाहेर पडतानाची, धावत्या गाडीची, साडेसात मीटरवरून मोजलेली. ८० ते १७५ सीसीला ७७, त्याखाली ७५. पुण्याच्या अराईसारख्या संस्थेत ही चाचणी होते तेव्हा गाडी तिच्या सायलेन्सरसकट पास होते. तो सायलेन्सर बदलला की पास झालेली गाडी राहिली नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम १९०(२) खाली आवाजाच्या गुन्ह्याला पहिल्या वेळी दहा हजार रुपयांपर्यंत दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं, शिवाय तीन महिने लायसन्स जातं. जप्त केलेल्या सायलेन्सरांवर रोडरोलर फिरवल्याचे फोटो तुम्ही पाहिलेच असतील. मी बदललेला सायलेन्सर कितीही मऊ बोलला तरी कागदोपत्री तो बदलच आहे, हे मी प्रत्येक गिऱ्हाइकाला काम घेण्याआधी सांगतो.

म्हणून तुम्हाला माझा पहिला सल्ला: तुमच्या मॉडेलचा कंपनीचा सायलेन्सर परत बसवा. नवीन घ्या, किंवा वापरलेला चांगला मिळाला तर तो. तुमच्याच प्रश्नाचं उत्तर त्यात आहे, कारण यूसीई (इंजिन आणि गिअरबॉक्स एकाच पेटीत असलेल्या) इंजिनच्या क्लासिकची धडधड कंपनीच्या सायलेन्सरमधूनही छान येते. ज्यांना ती पुरत नाही, त्यांचा सायलेन्सर बहुतेक कुठेतरी गळत असतो आणि त्या गळतीची फुसफुस खालच्या आवाजावर बसते. गळती बंद केली की तोच सायलेन्सर जाड बोलायला लागतो. हे मी शेकडो वेळा ऐकलं आहे आणि अजूनही दर वेळी बरं वाटतं.

वापरलेला घेताना तीन गोष्टी बघा. हातात धरून जोरात हलवा. आत खडखड झाली तर बॅफलचा, म्हणजे आवाज अडवणाऱ्या आतल्या पडद्याचा, टाका सुटलाय. हाताने तोला, त्याच मॉडेलच्या दुसऱ्या सायलेन्सरपेक्षा हलका लागला तर कुणीतरी आतलं काढून वरून वेल्ड मारलाय. मागच्या टोपीच्या कडेला ताज्या वेल्डिंगची रेघ किंवा नवा क्रोम दिसला तर तो घेऊच नका. तिसरं, बुडाशी बारीक भोक असतं ते उघडं आहे का बघा. एक लिटर पेट्रोल जळलं की जवळजवळ लिटरभर पाणी तयार होतं. ते वाफ होऊन जातं, पण गाडी दोन-दोन किलोमीटरच फिरत असेल तर सायलेन्सर पुरता तापत नाही आणि पाणी आतच साचतं. ते निघायला हे भोक. आवाज येतोय म्हणून लोक ते वेल्डिंगने बंद करून घेतात, आणि पुढच्या पावसाळ्यापर्यंत सायलेन्सर आतून कुजतो.

बसवतानाचा क्रम महत्त्वाचा आहे, आणि घाईच्या गॅरेजात तोच चुकतो. बेंड पाइपच्या तोंडाचं गॅस्केट नवं घ्या. दहा वेळा दाबलेलं जुनं पुन्हा बसत नाही. आधी सगळे बोल्ट नुसते हाताने लावून घ्या. मग हेडजवळचे दोन नट आलटून पालटून, थोडे थोडे आवळा, म्हणजे फ्लँज (पाइपाच्या तोंडाची चकती) सरळ बसते. त्यानंतर बेंड पाइप आणि सायलेन्सरच्या जोडाचा क्लॅम्प. मागचा लटकवायचा बोल्ट सगळ्यात शेवटी. उलट केलं, मागचा आधी आवळला, तर पाइप ताणात राहतो, हेडजवळ केसाएवढी फट पडते, आणि थ्रॉटल सोडला की फटाके सुरू. त्या फटीतून बाहेरची हवा आत ओढली जाते आणि न जळलेलं पेट्रोल पाइपात पेट घेतं, ते हे फटाके. पुष्कळ जण यावर कार्ब्युरेटर खोलून बसतात. दोष तिथे नसतो.

गळती शोधायची माझी पद्धत साधी. इंजिन थंड असताना सुरू करायचं, जाड हातमोजा घालून ओल्या फडक्याने सायलेन्सरचं तोंड दोन-तीन सेकंद अर्धवट दाबायचं, आणि दुसऱ्याने जोडांजवळ कान न्यायचा. कुठे फुसफुस वाढली ते लगेच कळतं. उदबत्ती जोडाजवळ धरली तरी धूर फटकतो. जुनी गळती असेल तर काजळीची काळी रेघच पत्ता सांगते.

दुसरी विसरली जाणारी जागा म्हणजे हवा आत घेणारी बाजू. सरळ नळी लावणाऱ्याने बहुतेक वेळा एअर फिल्टरचा डबा काढून उघडा शंकूचा फिल्टरही लावलेला असतो. त्याचा ‘हूऽ हूऽ’ असा आवाज चालवणाऱ्याच्या गुडघ्याशी येतो आणि दोष सायलेन्सरला मिळतो. डेसिबलची बेरीज शाळेतल्यासारखी होत नाही. ९० आणि ९० मिळून ९३ होतात, ९० आणि ८० मिळून साडेनव्वदसुद्धा होत नाहीत. म्हणजे दोन आवाज असतील तर मोठ्याला आधी धरायचं. लहानाला कितीही दाबलं तरी कान आणि मीटर दोघांना फरक कळत नाही. पण मोठा खाली आला की मग लहानाची पाळी येते. तुमच्या गाडीला डबा नसेल तर तोही परत बसवा.

कंपनीचा सायलेन्सर आणि डबा परत आला की जेटही कंपनीच्याच मापाचा घाला. सरळ नळीसाठी कुणी जेट मोठा केला असेल तर आता पेट्रोल जास्त जाईल, प्लग काळा पडेल, अॅव्हरेज उतरेल. नवा प्लग घालून दोनशे-तीनशे किलोमीटर नेहमीसारखी चालवा आणि मग रंग बघा. हवेचा स्क्रू गाडी गरम असताना फिरवायचा, जिथे ठोका सगळ्यात एकसारखा पडतो तिथे थांबायचं. इंजिन गरम झाल्यावर ठोका अडखळत नसेल तर स्लो आरपीएम, म्हणजे थ्रॉटल सोडलेला असतानाचा इंजिनाचा वेग, उगाच वाढवून ठेवू नका, गल्लीत उभी गाडी त्यामुळेच जास्त बोलते.

इथपर्यंत तुमचं काम नव्वद टक्के झालं. पुढचं लिहितो ते सायलेन्सर आतून कसा चालतो हे समजावं म्हणून, आणि ज्यांच्याकडे जुनी गाडी आहे, मूळ सायलेन्सर कुजलाय आणि आतली दुरुस्ती करायची आहे त्यांच्यासाठी.

सायलेन्सर आवाज दोन रीतींनी मारतो. पहिली रीत खोल्यांची. बारीक नळीतून आलेली लाट एकदम मोठ्या खोलीत शिरली की तिचा बराच भाग उलटा फिरतो आणि मागून येणाऱ्या लाटेला छेदतो. खोली नळीपेक्षा किती मोठी यावर सगळं आहे. नळी ३५ मिलिमीटर आणि सायलेन्सरचं अंग ७० मिलिमीटर असेल तर क्षेत्रफळ चौपट. एका खोलीत जास्तीत जास्त साडेसहा डेसिबल मिळतात. अंग १०५ मिलिमीटर केलं तर क्षेत्रफळ नऊपट आणि तेरा डेसिबलपर्यंत जाता येतं. बाजारातल्या सडपातळ, देखण्या नळ्या शांत का होत नाहीत ते इथे कळतं. आत कितीही कारागिरी केली तरी पोटात जागाच नाही.

प्रत्येक खोलीला एक फितुरी असते. तिच्या लांबीत एका सुराची बरोबर अर्धी लाट मावते, आणि तो सूर, त्याची दुप्पट, तिप्पट, असे सगळे सूर बिनअडथळा पार जातात. जळालेल्या वायूचं तापमान ३०० अंशांच्या आसपास असेल तर त्यात आवाजाचा वेग सेकंदाला ४८० मीटर धरा. ३० सेंटीमीटरच्या खोलीतून ८०० हर्ट्झ निसटतो, मग १६००, २४००. दोन खोल्या एकसारख्या केल्या तर दोन्हींतून तेच सूर निसटतात. एक ३० आणि दुसरी २० केली तर २० वाली १२०० आणि २४०० सोडते, म्हणजे २४०० ला दोन्ही दारं एकदम उघडी. म्हणून मी ३० आणि १७ घेतो. आमचे वस्ताद ‘खोल्या कधी जुळ्या ठेवू नको’ एवढंच सांगायचे. हिशेब मला पुढे कळला, पण त्यांच्या हाताला तो माहीत होता.

दुसरी रीत काचलोकरीची. भोकं पाडलेली नळी, तिच्याभोवती काचेची लोकर, बाहेर अंग. लाट भोकांतून लोकरीत शिरते, तंतूंमध्ये घासून तिची ऊर्जा उष्णतेत जिरते. ही रीत वरच्या, कर्कश सुरांना फार चांगली, जाड सुरांना जवळजवळ निरुपयोगी. धडधड ठेवून कर्कशपणा काढायला म्हणूनच हीच हवी. कर्कशपणा फार असेल तर मी पुढे एक-दोन खोल्या ठेवतो आणि शेवटचे पंधरा सेंटीमीटर लोकरीचे करतो.

यातलं एक काम जवळून सांगतो. मागची टोपी वेल्डच्या रेघेवरच कटिंग व्हीलने उघडायची, अंगाला धक्का लागू द्यायचा नाही. आतली जळकी लोकर काळी, कडक, खपल्यांसारखी निघते; ती ओली करून काढायची. जुन्या गाड्यांत कुणी अॅस्बेस्टॉसची दोरी भरलेली असू शकते, तेव्हा मास्क आणि पाणी या दोन गोष्टींशिवाय हात घालू नका. वाऱ्याचा पाइप मारून साफ करायची सवय असेल तर ती इथे सोडून द्या. नवी नळी घेतली तर भोकांचा हिशेब असा: ३५ मिलिमीटरच्या नळीचं तोंड सुमारे ९६० चौरस मिलिमीटर. चार मिलिमीटरच्या एका भोकाचं क्षेत्रफळ साडेबारा. बरोबरी करायलाच ७७ भोकं लागतात. मी दीडपट-दुप्पट धरून १२० ते १५० पाडतो आणि आतून प्रत्येक भोकाची धार घासून काढतो. धार राहिली की वायू तिच्यावर शिट्टी वाजवतो. नळीवर आधी स्टेनलेस स्टीलच्या लोकरीचा एक पातळ थर गुंडाळायचा, म्हणजे वायूचा झोत काचेचे तंतू ओरबाडत नाही. त्यावर लांब तंतूंची ई-ग्लास लोकर, लिटरला १०० ते १५० ग्रॅम. १०५ मिलिमीटरच्या अंगात, स्टीलच्या थरासकट चाळीसच्या झालेल्या नळीभोवती, पंधरा सेंटीमीटर लांबीत साधारण अकराशे मिलिलिटर जागा असते, म्हणजे ११० ते १६५ ग्रॅम. वजनकाट्यावर तोलूनच भरा. अंदाजाने भरणारा नेहमी जास्त ठासतो, आणि ठासलेल्या लोकरीत लाट शिरतच नाही, भिंतीसारखी परत येते. सैल भरली तर महिन्याभरात एका बाजूला गोळा होते.

सुरुवातीच्या काळात मी इमारतीच्या छताला लावतात ती पिवळी लोकर एका गाडीत भरली होती. दुकानात आवाज सुंदर आला. दोन आठवड्यांनी गाडी परत आली, धूर आणि जळका वास, आवाज पहिल्यापेक्षा फुटका. त्या लोकरीतले तंतू राळेने चिकटवलेले असतात, ती राळ सायलेन्सरच्या उष्णतेत जळून जाते आणि तंतू सुटे होऊन बाहेर पडतात. पैसे परत केले आणि पुन्हा भरून दिलं. तेव्हापासून लोकर भट्टीत टाकून बघितल्याशिवाय मी घेत नाही.

तोंडात बसवायचा डीबी किलर, म्हणजे एका बोल्टवर राहणारा काढघालीचा बॅफल, याबद्दल सगळेच विचारतात. नुसती बारीक नळी असलेला घेऊ नका, तो घासणीचाच मोठा भाऊ. मधे बंद असलेला आणि बाजूला भोकं असलेला निवडा, म्हणजे वायूला वळसा पडतो पण जागा मिळते. ३५० सीसीला शेवटचं तोंड २५ मिलिमीटरच्या खाली मी नेत नाही. तिथेच क्षेत्रफळ निम्मं झालेलं असतं. काही जण स्टीलच्या पेल्याला भोकं पाडून बसवतात. पेल्याचा पत्रा पातळ, तो स्वतःच घुंगरासारखा वाजतो. दोन मिलिमीटरचा पत्रा हवा. आणि बोल्टला स्प्रिंग वॉशर लावा, नाहीतर हा बॅफल हायवेवर सुटून मागच्याच्या काचेवर जातो.

काही गाड्यांना एका ठरावीक वेगाला हेल्मेटच्या आत घुमणारा आवाज येतो, त्याच्या अलीकडे-पलीकडे नाही. समजा ३२०० आरपीएमला घुमते. सेकंदाला २६.७ ठोके, त्याची चौपट १०७ हर्ट्झ, बहुतेक तोच सूर. याला लोकर काही करत नाही. बाजूला एक बंद खोली आणि तिला बारीक मान, रिकाम्या बाटलीच्या तोंडावर फुंकर मारल्यावर वाजते तशी, असं काढून तो एकच सूर गिळता येतो. १६ मिलिमीटर आतल्या व्यासाची, नऊ सेंटीमीटर लांबीची मान आणि एक लिटरची खोली केली की हिशेब १०७-१०८ ला जुळतो. बाजूची खोली थंड राहते, तिथे आवाजाचा वेग कमी, त्यामुळे प्रत्यक्षात सूर खाली सरकतो. तो वर आणायला मान दोन-दोन मिलिमीटर कापत जायचं. लांब मान कापता येते, आखूड वाढवता येत नाही. पण एक लिटरची खोली म्हणजे पाण्याची बाटलीच झाली, ती लपवायची कुठे? कंपनीचे सायलेन्सर जाडजूड का असतात याचं हेही एक उत्तर आहे.

यामाहाच्या जुन्या टू-स्ट्रोक आरएक्स १०० वाल्यांसाठी थोडंसं, कारण कोल्हापुरात त्या अजून जिवापाड सांभाळतात. टू-स्ट्रोकचा सायलेन्सर इंजिनाच्या ताकदीचा भाग असतो, त्याचा फुगा आणि निमुळतेपणा लाट परत पाठवून मिश्रण सिलिंडरात ढकलतो. त्यात खोल्या घालायला किंवा लांबी बदलायला जाऊ नका. तिथे आवाज वाढलेला असतो तो मागचा बॅफल तेलाच्या कोकने, म्हणजे जळक्या काळ्या थराने, भरला म्हणून कुणीतरी काढून फेकल्याने. बॅफल मिळवा, कोक जाळून किंवा कॉस्टिक सोड्याने साफ करा, परत घाला. संपलं.

बीएस-६, म्हणजे धुराच्या नव्या नियमाच्या, गाडीवाल्यांनी मात्र यातलं काहीच घरी करू नये. धूर स्वच्छ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर आणि ऑक्सिजन सेन्सर त्या नळीतच असतात. सरळ नळी लावली की आवाजाबरोबर धुराचाही गुन्हा होतो. मूळ आहे तेच परत बसवणं हा एकच उपाय.

मोजायचं कसं? मोबाइलमधल्या अॅपचा आकडा खरा मानू नका, पण आधी आणि नंतर यातला फरक ते बऱ्यापैकी दाखवतं. मोबाइल सायलेन्सरच्या तोंडापासून ५० सेंटीमीटरवर, तोंडाच्याच उंचीला, ४५ अंशांच्या कोनात, झोताच्या बाहेर धरा. भिंतीपासून दूर, मोकळ्या मैदानात. क्लासिकची पूर्ण ताकद ५२५० आरपीएमला, चाचणी त्याच्या निम्म्यावर करतात, म्हणजे २६०० च्या आसपास. या गाडीला टॅकोमीटर (आरपीएम दाखवणारा काटा) नाही, प्लगच्या वायरला अडकवायचा मीटर गॅरेजात मागून घ्या. तीन वेळा मोजा. आलेला आकडा त्या ८० शी लावून घाबरू नका. ५० सेंटीमीटर आणि साडेसात मीटर यांत मोकळ्या जागेत नुसत्या अंतराचाच साडेतेवीस डेसिबलचा फरक पडतो. आधीपेक्षा दहा डेसिबल उतरले तर कानाला आवाज निम्मा वाटतो. सरळ नळीवरून कंपनीच्या सायलेन्सरवर आलात की एवढा फरक नक्की ऐकू येईल.

राहिली गल्ली. दोन्ही बाजूंना घरं असतील तर आवाज भिंतींवर आपटत पुढे जातो. कोपऱ्यावर वळायच्या आधी गिअर टाकून घ्या आणि थ्रॉटल न पिळता आत या. इंजिन गचके देईल इतका वरचा गिअरही नको. गाडी लावताना सायलेन्सरचं तोंड वडिलांच्या खिडकीकडे किंवा समोरच्या भिंतीकडे नको, रस्त्याच्या मोकळ्या बाजूला करा. सकाळी सुरू करून उभ्या उभ्या गुरगुरवू नका, अर्ध्या मिनिटात सावकाश निघा. इंजिन चालताना नीट गरम होतं.

आणि सगळं बसवून झालं की गाडीची चावी मित्राकडे द्या, स्वतः वडिलांच्या खोलीत त्यांच्या पलंगाशेजारी बसा, खिडकी लावून घ्या, आणि त्याला गल्लीतून दोनदा जायला सांगा. एकदा दिवसा, एकदा रात्री नऊच्या सुमारास, रस्ता शांत झाल्यावर. तावदानावर बोट टेकवून ठेवा. बोटाला थरथर लागली तर जाड आवाज अजून जास्त आहे. आधी हेडजवळचं गॅस्केट पुन्हा बघा, मग स्लो आरपीएम उतरवा. तरी लागली तर गाडी घेऊन एखाद्या रविवारी कोल्हापूरला या, आपण सायलेन्सर उघडून बघू.